झाड उतरवायला शिकवणार कोण?

जळगावच्या जुन्या पेठेत किंवा धुळ्याच्या एखाद्या अरुंद गल्लीत, दोन घरांच्या मधोमध उभा असलेला म्हातारा निंब वाळला की घरमालक आधी महापालिकेत जातो. अर्ज होतो, उद्यान विभागाचा माणूस पाहणी करून जातो, परवानगी मिळते किंवा रखडते. या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. झाड खाली आणणारा माणूस कोण, आणि हे काम त्याला शिकवलं कुणी?

रानातलं झाड पाडता येतं, कारण तिथं पडायला जागा असते. ज्या बाजूला पाडायचं तिकडून खाच घ्यायची, मागून काप द्यायचा, बाजूला व्हायचं. वस्तीतल्या निंबाला पडायला जागाच नसते. खाली पत्र्याचं छत, भिंतीला लागून पाण्याची टाकी, फांद्यांमधून गेलेली विजेची तार, समोर शेजाऱ्याची गॅलरी. असं झाड शेंड्यापासून तुकड्यातुकड्यानं उतरवावं लागतं. प्रत्येक फांदी आधी दोरानं बांधायची, मग कापायची, आणि वर बांधलेल्या कप्पीतून, बुंध्याला दिलेल्या विळख्यांवरून दोर सैल सोडत ती जमिनीवर आणायची. जगभर या कामाला रिगिंग म्हणतात. आपल्याकडे ते रोजंदारीतलं काम समजतात. मला ते खानदेशातल्या सर्वांत जोखमीच्या कारागिरींपैकी एक वाटतं. आयटीआयच्या कुठल्याही ट्रेडमध्ये ते नाही. जो करतो तो दुसऱ्याचं बघून शिकलेला असतो, आणि तो दुसराही तसाच शिकलेला असतो.

या कामाची गरज मात्र वाढत चालली आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यात, पारस इथं वादळी पावसात जुना निंब मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि आडोशाला थांबलेल्या सात जणांचा जीव गेला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस आपल्या एरंडोल-कासोदा रस्त्यावर पोलिसांच्या गाडीवर झाड पडलं आणि दोन पोलीस गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर धोकादायक झाडं काढा अशी मागणी होते, आणि ती रास्तच असते. पण धोकादायक झाड म्हणजे पोकळ, कुजलेलं, वाळवी लागलेलं झाड. चढायला आणि दोर टांगायला सर्वांत वाईट झाड तेच. रस्त्यावरच्या लोकांचा धोका आपण एका अशा माणसाच्या अंगावर टाकतो, ज्याच्या कमरेला सुताच्या दोराचा एक वेढा आहे आणि पायात काही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सुरत-नागपूर महामार्ग रुंद होताना दुतर्फाची जुनी झाडं गेली. ती मोकळ्यावर होती, जेसीबीनं ढकलून किंवा बुडातून कापून पाडता आली. आता राहिली आहेत ती शाळेच्या आवारातली, रेल्वे कॉलनीतली, देवळाच्या पारावरची, घरांच्या कुशीतली. सोपी झाडं संपली आणि अवघड उरली, आणि काम करणारे हात मात्र सोप्या झाडांवर तयार झालेले आहेत.

कायद्यात याचं उत्तर सापडत नाही. शहरांसाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, त्याबाहेर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ साली झाल्या, तेव्हापासून तिथली झाडं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडावं का, बदल्यात किती लावावीत, विनापरवाना तोडलं तर काय, याची उत्तरं या कायद्यांत मिळतात. परवानगी मिळालेलं झाड कोणत्या पात्रतेच्या माणसानं काढावं, याबद्दल ते गप्प आहेत. झाडाची काळजी घेणाऱ्या कायद्यानं झाडावर चढणाऱ्याचीही घ्यायला हवी होती.

मग आज हे काम करतं कोण? बहुतेक वेळा वखारीशी जोडलेली टोळी. व्यवहार साधा असतो: झाड काढून द्या, लाकूड तुमचं. घरमालकाचे पैसे वाचतात, वखारवाल्याला माल मिळतो. या व्यवहारातला दोष मात्र खोल आहे. वखारीत लांब, सरळ ओंडक्याला भाव असतो. दोरानं सांभाळून उतरवायचं तर तुकडे छोटे करावे लागतात आणि वेळ तिप्पट लागतो. म्हणजे जो जितका सांभाळून काम करील तितका तो तोट्यात जातो. निविदा निघते तेव्हाही कमीत कमी दर बघितला जातो. या टोळ्यांतल्या उस्तादांना मी कमी लेखत नाही. निंबाची फांदी कुठं करकरते, चिंचेची किती चिवट असते, गुलमोहराचा भरवसा का धरू नये, हे त्यांच्याइतकं कुठल्याही पदवीधराला कळत नाही. पण नेमकं जे डोळ्याला दिसत नाही, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते म्हणजे दोरावर येणारा जोर.

इथं थोडं गणित केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. एक फूट जाडीचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका घ्या. ओलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन धरलं, तर त्याचं वजन सत्तर किलोच्या आसपास भरतं. दोघं जण उचलतील असा. आता खोडाचा वरचा भाग कापताना कप्पी कापाच्या खालीच बांधावी लागते, कारण वर काही उरलेलंच नसतं. ओंडका सुटतो, कप्पीच्या खाली जातो, आणि मग दोर त्याला पकडतो. समजा तो एक मीटर पडला आणि खालच्या माणसानं दोर घट्ट धरून ठेवल्यामुळे तो फक्त वीस सेंटिमीटर ताणला जाऊन थांबला. त्या क्षणी दोरावर येणारा जोर सत्तर किलोचा नसतो, सुमारे ८४० किलोचा असतो. बारापट. गोष्ट इथंच थांबत नाही. दोराची एक बाजू ओंडक्याकडे आणि दुसरी खाली बुंध्याकडे जात असल्यामुळे कप्पीला दोन्ही बाजूंची ओढ बसते. घर्षणात थोडी कमी होते तरी कप्पीवर, आणि ज्या खोडाला ती बांधली आहे त्या खोडावर, दीड टनापर्यंतचा हिसका बसू शकतो. त्याच खोडाला कापणारा माणूस बांधलेला असतो. खोड आतून पोकळ असेल तर?

दोर घट्ट धरणारा माणूस खाली असतो आणि त्याला वाटतं आपण जोर लावून मदत करतोय. प्रत्यक्षात त्यानं दोर थोडा धावू दिला आणि मग हळूहळू आवळत थांबवला, तर हिसका कितीतरी कमी होतो. म्हणून जाणकार सांगतात की या कामात वरच्याइतकाच खालचा माणूस महत्त्वाचा. आपल्याकडे मात्र खाली जो नवा आहे, ज्याला चढता येत नाही, त्याला उभं करतात.

विळख्यांचंही असंच. बुंध्याला दोराचा एक पूर्ण वेढा दिला की घर्षणामुळे वरचा जोर सुमारे साडेतीनपट कमी होऊन हातात येतो, दोन वेढ्यांनी बारापट, तीन वेढ्यांनी चाळीसपटीहून जास्त. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर हे आकडे येतात. निंबाच्या खडबडीत सालीवर तो वेगळा असतो, ओल्या सालीवर आणखी वेगळा, आणि साल सोलली गेली की एकदम घसरतो. म्हणून परदेशात बुंध्याला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा नळकांड्यासारखा खुंट बांधतात आणि त्यावर वेढे घेतात, म्हणजे प्रत्येक झाडावर दोर सारखाच धावतो. असा खुंट भुसावळचा कुठलाही चांगला फॅब्रिकेटर बनवून देऊ शकेल. पण तो किती जोर झेलतो हे तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हे शिकवणारा माणूस आधी हवा.

दोराचं तर विचारूच नका. बाजारात जो पिवळा किंवा निळा प्लास्टिकचा दोर मिळतो तो पॉलिप्रॉपिलीनचा. सालीवरून जोरात धावला की घासून तापतो आणि वितळतो. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो; अशा उन्हात टाकून ठेवलेला दोर वर्षभरात किती खचतो हे बाहेरून दिसत नाही. दोराला गाठ मारली की त्याची ताकद जवळपास तिसऱ्या हिश्शानं, काही गाठींनी निम्म्यानंही घटते. आणि एकदा मोठा हिसका खाल्लेला दोर पुन्हा नव्यासारखा धरायचा नसतो. आपल्याकडे तुटला तरच बदलतात.

हे सगळं खानदेशाला परकं आहे असं मात्र नाही. विजेचे पंप येण्याआधी इथल्या विहिरी-विहिरींवर मोटा चालत. नाडा आणि सोल, चाक आणि धाव, हे शब्द अजून म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. दोर कुठं झिजतो आणि कधी बदलायचा हे त्या पिढीला माहीत होतं. मोटेचं वजन मात्र सावकाश वर येई, त्यात हिसका नव्हता. दुसरी परंपरा जंगलाची. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि पश्चिम खानदेशातल्या भिल्ल, पावरा कामगारांनी सागाचे कूप तोडण्याचं काम स्वतःच्या संस्थांमार्फत केलं. झाड कुठं पडणार हे वीतभर अचूक सांगणारी माणसं त्यांच्यात होती. तेही काम पाडण्याचं, उतरवण्याचं नव्हे.

तिसरी परंपरा भुसावळची. रेल्वेतला खलाशी हा शब्द तिथं घरोघरी ठाऊक आहे. साखळ्या, कप्प्या, जॅक आणि दोर यांच्या जोरावर अवजड वस्तू हलवणारे हे लोक. केरळात बेपूरच्या मापिला खलाशांची कीर्ती याच कसबासाठी आहे. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमणजवळ आयलंड एक्सप्रेस अष्टमुडी सरोवरात कोसळली, तेव्हा डबे बाहेर काढायला त्यांना बोलावलं होतं. भुसावळचं यार्ड असो की दीपनगरचं वीज केंद्र, अवजड भार बांधण्या-उचलण्याचं काम तिथं रोजचंच. त्या कामात भार किती, टांगण कुठं, इशारा कोण देणार, हे आधी ठरतं. झाडाच्या कामाला नेमकी हीच शिस्त हवी आहे. फरक इतकाच की खलाशाच्या डोक्यावरची तुळई लोखंडाची असते आणि तिची ताकद कागदावर लिहिलेली असते. झाडाची नसते.

असं कसब सापडेल ते चौथं ठिकाण धुळ्यातच आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्यात आणि नागपुरात आहेत. माणसाला दोरावरून सुखरूप खाली आणणं हा त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. आणि झाडावर चढणाऱ्याला पहिली गोष्ट शिकायची असते ती हीच. वर माणूस जखमी झाला, बेशुद्ध होऊन पट्ट्यात लटकत राहिला, तर काही मिनिटांत त्याचा रक्तप्रवाह बिघडू लागतो. तेव्हा अग्निशमन दलाची वाट पाहत बसता येत नाही. खाली दुसरा चढणारा तयार हवा, त्याचा दोर आधीच लावलेला हवा. आज कुठल्याही टोळीत ही तयारी मला दिसत नाही, आणि या एकाच उणिवेवरून मी म्हणेन की तिच्यातला कुणीही आज शिकवायला पात्र नाही, हाताला कितीही कसब असलं तरी.

बाहेरच्या जगानं हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे, कारण तिथंही तो सरळ सुटलेला नाही. अमेरिकेतल्या वृक्षतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना १९२४ ची. तिच्या प्रमाणित वृक्षतज्ज्ञ परीक्षेला बसायला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो, चढणाऱ्याच्या स्वतंत्र प्रमाणपत्राला अठरा महिन्यांचा, आणि प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. मुंबईत वैभव राजे यांच्यासारखे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेले वृक्षतज्ज्ञ झाडांच्या तपासणी-निगराणीचं काम करतात; तापीच्या काठापर्यंत ते ज्ञान पोचायचं आहे. ब्रिटनमध्ये पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी चढणं आणि वरून माणूस सोडवणं, मग दोरावर लटकून चेनसॉ चालवणं, आणि त्यानंतरच दोरानं लाकूड उतरवणं. चढण्याचं साहित्य दर सहा महिन्यांनी जाणत्याकडून तपासून घेण्याचं बंधन १९९८ च्या नियमांनी घातलं आहे. २००८ मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेनं झाडं उतरवण्याच्या प्रचलित पद्धती तपासणारा मोठा अहवाल काढला. पीटर डोन्झेली आणि शॅरन लिली यांनी २००१ मध्ये या कामाचं शास्त्र पुस्तकात मांडलं. त्याआधीची पिढी तिकडेही बघून बघूनच शिकली होती.

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो दोरावरून उंच इमारतींवर, पुलांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम. एका पायरीवरून दुसरीवर जायला किमान बारा महिने आणि वहीत नोंदलेले एक हजार तास लागतात. शिवाय जो शिकवतो त्याला परीक्षा घेता येत नाही. परीक्षक बाहेरून येतो. पात्रतेचा वाद या एका तरतुदीनं निम्मा मिटतो.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. नारळ विकास मंडळानं २०११ मध्ये केरळात नारळमित्र तयार करण्याची योजना सुरू केली. नारळ काढणारे पाडेली मिळेनात म्हणून बेकार तरुणांना सहा दिवसांचं प्रशिक्षण, चढायचं यंत्र आणि विमा दिला. जातीशी जोडलेलं, कमी लेखलेलं काम त्यामुळे शिकून घ्यायचं काम झालं. नारळ सरळसोट, निंब फाटेफुटीचा, त्यामुळे तंत्र जसंच्या तसं घेता येणार नाही. पण सरकारी मंडळ झाडावर चढायला शिकवू शकतं, त्याचा विमा काढू शकतं, हे तिथं घडून दाखवलेलं आहे.

आता मूळ प्रश्न. खानदेशात हे शिकवायला पात्र कोण? गिर्यारोहक स्वतःला पात्र समजतात. त्यांचं चढणं, गाठी, शिस्त मोलाची आहे. पण त्यांचा दोर माणूस पकडण्यासाठी असतो, करवत चालत असताना अर्ध्या टनाचा भार सोडण्यासाठी नसतो. साहित्य विकणारा एक दिवसाची कार्यशाळा घेतो, ती साहित्याची ओळख झाली. मोबाइलवर परदेशी चित्रफिती पाहून शिकलेले तरुण मला सर्वांत काळजीत टाकतात. चित्रफितीत दिसणाऱ्या माणसानं पडद्याबाहेर लाकडाचं वजन कसं काढलं, झाड कसं ठोकून पाहिलं, हे त्यात नसतं. वनखात्याच्या अधिकाऱ्याला झाड कळतं, दोर कळतोच असं नाही. हायड्रा क्रेनचा चालक जिथं गाडी पोचते तिथं उत्तम. गल्लीत ती पोचत नाही.

म्हणजे एका माणसात ही पात्रता आज नाही, आणि ती आहे असं भासवणाऱ्यापासून दूर राहावं. तीन जाणते एकत्र बसवावे लागतील. वखारीच्या टोळीतला उस्ताद, दोर आणि सुटका जाणणारा आपत्ती दलाचा किंवा औद्योगिक दोरकामाचा प्रशिक्षक, आणि झाडाची कूज, पोकळी ओळखणारा वनविद्येचा माणूस. रावेर तालुक्यात पाल इथं वनखात्याची प्रशिक्षण संस्था आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. जागेची अडचण नाही. शिकवण्याची पद्धतही इथल्या मातीतली असू शकते. ओंडक्याचं वजन नजरेनं सांगायचं आणि लगेच वखारीच्या काट्यावर टाकून पाहायचं. दोन आठवड्यांत डोळा तयार होईल. पहिले कित्येक दिवस माणसाच्या उंचीच्या खुंटावरच दोर चालवायचा. सराव फेब्रुवारी-मार्चमध्ये, निंबाची पानं झडलेली असताना. जूनच्या वादळाच्या तोंडावर नाही. वायरमनचा धडा त्यात हवाच: महावितरणनं लाइन बंद केल्याची खात्री डोळ्यांनी केल्याशिवाय तारेजवळच्या झाडाला हात नाही. इशारे मराठी-अहिराणी-पावरी बोलणाऱ्या सगळ्यांना एकच हवेत. "सोड" म्हटलं की एक जण ढील देतो आणि दुसरा दोर टाकूनच देतो, आणि त्या गोंधळात माणूस जायबंदी होतो.

शिकवणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारीन. गेल्या वर्षी कोणत्या झाडावर चढायला तुम्ही नकार दिला आणि का? लटकलेल्या माणसाला खाली आणून दाखवाल का, आत्ता, माझ्यासमोर? आणि तुमची परीक्षा कुणी घेतली होती? पहिल्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्या हाती मी कुणाचा मुलगा देणार नाही.

पैशाची बाजू उरते, आणि सगळं तिथंच अडतं. रोजावर जगणारा उस्ताद तीन आठवडे शिकायला आला तर घर कसं चालवील? त्या दिवसांचा रोज त्याला मिळायला हवा, आणि शिकवायला बसेल त्याला मानधन. जळगाव आणि धुळे महापालिकांनी झाडं काढण्याच्या निविदेत दोन अटी घातल्या तरी सुरुवात होईल: टोळीत सुटकेचा सराव केलेले किमान दोन चढणारे असावेत, आणि लाकडाच्या किमतीतून मजुरी वळती न करता ती कामाच्या तासांवर वेगळी द्यावी. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. जोवर लाकूड हीच मजुरी आहे, तोवर शिकलेला उस्तादही लांब ओंडक्याकडेच ओढला जाणार.